ठे. आणि घे. : शहापूरच्या एका किराणा दुकानातला चित्रसंग्रह

शहापुरातले किराणा दुकानदार आप्पा यांचं तेरावं होऊन महिना उलटला नव्हता. सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "सर, दादा वह्या रद्दीत घालायलाय. चित्रं विकायचं नंतर बघूया म्हणतोय, खरं वह्या आजच जायलाईत. तुम्ही येताय काय?" मी बेळगावच्या टिळकवाडीतून रिक्षा करून शहापुरात पोचलो, तोवर रद्दीवाल्यानं दुकानासमोर तागडी मांडली होती. लाल कापडी बांधणीच्या, आडव्या उघडणाऱ्या एक्केचाळीस वह्या पायरीवर रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या चार तागडीवर चढल्याही होत्या.

त्या वह्या वाचल्या म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं. चित्रांबद्दल आजवर मला पुष्कळ जणांनी विचारलं आहे, वह्यांबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो. कुटुंबानं लिहायला होकार दिला आहे. नावं मात्र कोणाचीच घालत नाही.

आप्पांचा आणि माझा संबंध असा, की मी इथल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि आप्पांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. महिन्याचं वाणसामान मी त्यांच्याकडूनच भरायचो. सामान बांधून होईपर्यंत ते मला आतल्या खोलीत न्यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, हे बघा की, ह्यातला हात कसा काढलाय." बोलायला त्यांना माणूस हवा असायचा. त्यांना चित्रकलेचं शिक्षण नव्हतं, पण नजर होती. बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात शिकून गेलेल्या मुलांची जलरंगातली दोन निसर्गचित्रं त्यांनी रोख पैसे मोजून घेतली होती. ती दाखवताना ते आवाज खाली आणायचे. कुलकर्णी मास्तरांनी या गावात जलरंगाचा हात किती जणांना दिला याची मोजदाद नाही. 1935 साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. आप्पांना याचा केवढा अभिमान! गावात कोणी चांगलं चित्र काढतो हे त्यांना गावात चांगला गूळ येतो तितकंच महत्त्वाचं वाटायचं.

दुकान कसं चालायचं

हे कळल्याशिवाय संग्रह कळत नाही. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगलीच्या पटवर्धनांकडे होतं. शहापूर, वडगाव, खासबाग ही विणकरांची वस्ती. शहापुरी लुगडी इथलीच. आप्पांच्या वडिलांनी दुकान घातलं ते विणकरांच्या भरवशावर. रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून पोत्यानं माल उचलायचा आणि गल्लीत शेर-अच्छेरानं विकायचा. संकेश्वरी मिरची, बेळगावी बासमती, अख्खा मसूर, गुळाच्या ढेपा, घाण्याचं तेल, राळे, नाचणी. नफा पोत्यामागे थोडा, फिरत मात्र रोजची. गिऱ्हाइकाला मजुरी मिळणार आठवड्यानं, त्यामुळे उधारी आलीच.

पावसाळा हा खरा अडचणीचा काळ. हातमाग बहुतेक खड्ड्यातले. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं दाबायच्या पावट्या खाली असतात. मृग लागून चांगली झड बसली की जमिनीला ओल येते, खड्ड्यात पाणी झिरपतं, सूत दमट होतं, ताणा तुटतो. माग थांबला की मजुरी थांबते. खायला मात्र रोज लागतं. वह्यांत याचा ठसा स्पष्ट आहे. आषाढ आणि श्रावणात उधारीचे आकडे फुगतात, दसऱ्याच्या आसपास लुगड्यांना मागणी आली की खाली येतात.

उधारी फुगली की गिऱ्हाइक काहीतरी ठेवून जायचं. सोन्याचं असेल तर सराफाकडे. किराणा दुकानदाराकडे येणार तांब्याची घागर, समई आणि भिंतीवरचं चित्र.

भिंतीवर चित्र त्या काळी बहुतेक घरांत होतं. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी आली. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मोहिनी दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घरोघर पोचली. त्याआधी 1878 साली पुण्यात चित्रशाळा निघाली होती, तिची चित्रंही इकडे आली. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, एस. एम. पंडित या चित्रकारांची दिनदर्शिकांवरची चित्रं. ती व्यापारी फुकट वाटायचे. वर्ष संपल्यावर लोक तारखांचा भाग कापून चित्र चौकटीत घालायचे.

आप्पांच्या वडिलांनी चित्रं ठेवून घ्यायला सुरुवात केली ती दयेपोटी की व्यवहार म्हणून, ते सांगता येत नाही. आप्पांच्या मनात मात्र त्यातूनच चित्रांची ओढ निर्माण झाली. गल्ल्यावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवर कोणाची तरी दमयंती वर्षभर बघायची, आणि दसऱ्याला ते घर पैसे भरून ती घेऊन जायचं. "पोरगं असताना मला रडू यायचं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पुढे हाताशी पैसा आल्यावर ते स्वतः विकत घेऊ लागले. सावंतवाडीहून आंबोली घाटानं येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांचा, डाव घेतला. पूर्ण डावात दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी 120 पानं असतात. यात 113 आहेत. गोकाकची लाकडी रंगीत फळं घेतली, ती गल्ल्याशेजारी परातीत असायची आणि नवीन गिऱ्हाइक हमखास आंब्याला हात घालायचं.

पुण्याचे दिनकर केळकर यांचा चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय होता. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. आप्पांचं काम त्याच्या शतांशही नाही. तरी एक फरक मला मोलाचा वाटतो. केळकर वस्तूंच्या शोधात गावोगाव हिंडले. आप्पा गल्ल्यावरून उठले नाहीत, वस्तू चालत त्यांच्याकडे आल्या, आणि प्रत्येक वस्तू कोणाच्या घरातून, कोणत्या अडचणीत आली हे त्याच दिवशी कीर्दीत चढलं. इतकी बारीक नोंद मोठ्या संग्रहांनाही क्वचित लाभते.

पेच

थोरल्या मुलाची बाजू आधी मांडतो, कारण पुढं लोकांनी त्याला उगाच दोष दिला. दुकानाची मिळकत घटत चालली होती. मोठी विक्रीकेंद्रं शहरात आली, घरपोच सामान मोबाइलवर मिळू लागलं. छप्पर गळत होतं. आईचं वय झालेलं. मुंबईहून आलेल्या एका दलालानं सगळी चित्रं पाहून वीस बाजूला काढली आणि तेवढ्यांचे बऱ्यापैकी पैसे सांगितले. उरलेली "जुन्या बाजारात घाला" म्हणाला. वह्यांकडे त्यानं बघितलंही नाही. मुलाचा हिशोब सरळ होता: बापानं घेतलं, बाप गेला, आता आपलं आहे.

मुलगी निपाणीला दिलेली. तिला संग्रह मोडायचा नव्हता. पण कुठं ठेवायचा, कोण सांभाळणार, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. आणि आक्का, म्हणजे आप्पांच्या पत्नी, दोघांचं ऐकून म्हणाल्या, "माझा सोन्याचा डाग कधी मोडला नाही त्यांनी, ते खरं. खरं एक पावसाळा पत्रा बदलायचा होता तो बदलला नाही, चित्र घेतलं. रात्रभर मी पातेली मांडत बसले." हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. संग्राहकाचं कौतुक करताना घरच्यांनी काय सोसलं ते गाळून टाकतात, तसं मला करायचं नाही.

मी एवढंच मागितलं: यादी होईपर्यंत एक चौकट हलवायची नाही. मुलानं दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

यादी

एकशे त्रेसष्ट नग भरले. मी आणि मुलगी मिळून दर रविवारी बसायचो. प्रत्येक चित्राला क्रमांक, पुढून-मागून फोटो, माप, काचेला चिकटलं आहे का, कड कापली आहे का, मागे काही लिहिलं आहे का.

सर्वांत आधी दलालानं पसरवलेला एक गैरसमज काढावा लागला. "रविवर्मा आहे" म्हटल्यावर मुलाला लाखांचे आकडे दिसत होते. रविवर्म्यांच्या हातची चित्रं वेगळी, त्यांना 1979 साली राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला आहे आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्याकडे होती ती छापील चित्रं, ओलिओग्राफ. दगडी छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, एका चित्राला दहा-बारा किंवा त्याहून जास्त. वर वार्निश, कधी कापडासारखी खरखर उठवलेली. ओळखायची सोपी रीत भिंगाची. पुढच्या काळातल्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसतात. शिळेवरच्या छपाईत दाणे वेडेवाकडे, वाळूसारखे पसरलेले असतात. या रीतीनं पाहता दलालाच्या वीसांपैकी सात चित्रं नंतरच्या छपाईची निघाली. ती त्याला कळली नव्हती की त्यानं सांगितलं नाही, यात मी शिरत नाही.

आप्पांच्या चुकाही दिसल्या, त्या सांगायला हव्यात. चौकटीत बसावं म्हणून त्यांनी कित्येक चित्रांच्या कडा कापल्या होत्या, आणि छापखान्याचं नाव असतं ते नेमकं खालच्या कडेवर. 'कार्ला-लोणावळा' ही अक्षरं फक्त नऊ चित्रांवर शिल्लक आहेत. पाठीमागे पुठ्ठा खळीनं चिकटवलेला, आणि खळ म्हणजे कसरीला, कागद खाणाऱ्या किड्याला, मेजवानी. चित्र थेट काचेला टेकवलेलं, म्हणून ओलीत चिकटलं. ती आम्ही ओढून काढली नाहीत. ओढलं की रंगाचा थर काचेवर राहतो. समोरच्या भिंतीवरच्या चित्रांवर मिरचीची धूळ आणि उदबत्तीचा धूर बसून लक्ष्मीची कमळं तपकिरी झाली होती. एक गोष्ट मात्र त्यांनी दुकानातल्याच मालानं बरोबर साधली: प्रत्येक पेटीत आणि वह्यांच्या चवडीत वेखंडाच्या पुरचुंड्या. जिथं पुरचुंडी होती तिथं कसर कमी.

मग वह्या उघडल्या. वडिलांच्या काळातलं लिखाण मोडीत, आप्पांचं देवनागरीत. मध्ये बारा-तेरा वर्षं दिवाणजी कानडी भाषक होते, तेव्हाच्या नोंदी कन्नडात. एकाच घराचं खातं तीन लिप्यांत पुढं सरकतं. मोडीसाठी एका जुन्या जाणकाराला विनंती केली, कन्नड शेजारच्या शिक्षिकेनं वाचून दिलं. पुष्कळ वह्यांची पहिली पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे आत तिथी आहे पण साल नाही. तिथं मापांनी वाट दाखवली. रुपये-आणे-पै आहे तर नोंद 1 एप्रिल 1957 च्या आधीची किंवा फार तर लगतची, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. शेर जाऊन किलो येतो तो 1958 ते 1962 या काळात, कधी कधी एकाच पानावर दोन्ही. पावतीवर 'म्हैसूर राज्य' छापलं असेल तर 1 नोव्हेंबर 1956 नंतरची आणि 1973 च्या आधीची, कारण त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि 1973 साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. ज्या तारखांनी आमच्या भागाचं राजकारण घडवलं, त्याच तारखा एका लक्ष्मीच्या चित्राचं वय सांगायला उपयोगी पडल्या.

दोन अक्षरं

चित्रांच्या नोंदी थोडक्यात होत्या. 'चि. घे. दमयंती', 'चि. ठे. लक्ष्मी जरीची'. मी पहिले तीन रविवार दोन्ही एकच समजून उतरवत होतो. घाईत लिहिलेला ठ आणि घ आप्पांच्या अक्षरात जवळजवळ सारखे दिसतात. चौथ्या रविवारी मुलगी थांबली. "सर, हे घे नाही, ठे आहे. बघा, गोल पूर्ण मिटलाय. आणि ठे लिहिलंय तिथं रक्कम नावे बाजूला तशीच राहिलीय. घे असलं की रक्कम वळती झालीय."

घे म्हणजे घेतले. ठे म्हणजे ठेवले. पहिल्यात चित्राची किंमत उधारीतून वजा झाली किंवा रोख दिली, म्हणजे खरेदी. दुसऱ्यात उधारी तशीच उभी आहे, चित्र फक्त तारण आहे. काही ठिकाणी आप्पांनी पुढं लिहिलं होतं, 'येतील तेव्हा देणे'. व्याजाची नोंद एकाही ठिकाणी नाही.

आम्ही सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. शहाण्णव घे. अडतीस ठे. एकोणतीस चित्रांना नोंदच सापडली नाही. दलालानं निवडलेल्या वीसांपैकी अकरा ठे. होती.

वकिलांकडे गेलो. त्यांनी 1872 चा करार कायदा काढला. तारण ठेवून घेणाऱ्यानं वस्तू विकायची तर ठेवणाऱ्याला आधी रीतसर सूचना द्यावी लागते, आणि वस्तू विकली जाईपर्यंत पैसे भरून ती सोडवण्याचा हक्क ठेवणाऱ्याकडे राहतो. मुलाला वाटत होतं की इतक्या वर्षांनी मुदत संपली असेल. वकील म्हणाले, मुदतीच्या कायद्यात गहाण वस्तू परत मागण्याला तीन वर्षं आहेत, पण ती मोजायची मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. इथं अजून कोणी मागितलंच नाही, तुम्ही नाकारलंच नाही.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही लोकांची चित्रं सांभाळायलोय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या मते हे प्रकरण त्या क्षणी वळलं. कायद्याच्या भीतीपेक्षा वहीतल्या बापाच्या अक्षरानं त्याला थांबवलं असं मला वाटतं. दुकानदाराच्या मुलाला जमा आणि नावे यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा प्रश्न वेगळा होता. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं त्या परदेशी नेता येत नाहीत, विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि हाताने रंगवलेली चित्रं नोंदवून घ्यावी लागतात. आमच्या यादीत तशी शक्यता असलेले दोनच नग होते. त्यांची कागदपत्रं वेगळी केली.

शोध

दुकानाच्या फळीवर मराठी आणि कन्नडात अडतीस नोंदींची यादी लावली. खातेदाराचं नाव, गल्ली, चित्राचा विषय. रक्कम लिहिली नाही. गरिबीचा आकडा चारचौघांत टांगायचा नाही, असा आक्कांचा आग्रह होता आणि तो योग्य होता.

अकरा घरांचा पत्ता लागला. पाच घरांनी चित्र इथंच राहू दे म्हणून सही करून दिली, त्यातल्या दोघांनी आजोबांचं नाव चौकटीखाली लिहायला सांगितलं. सहा घरांनी नेलं.

पहिली आली ती वडगावची एक मुलगी, नर्सिंगचं शिकणारी. 'लक्ष्मी जरीची' तिच्या पणजीनं ठेवलेली. ओलिओग्राफवर पणजीनं स्वतः जर आणि टिकल्या टाकून लक्ष्मीला लुगडं नेसवलं होतं. काठ शहापुरी लुगड्याचाच, घरातल्या मागावरून उरलेल्या तुकड्याचा. दलालाच्या यादीत हे चित्र सगळ्यांत वर होतं. मुलीनं विचारलं, किती द्यायचे? वहीत चौदा रुपये सहा आणे होते. मुलानं पंधरा रुपये घेतले, सुटे परत दिले आणि पणजीच्या खात्यावर, त्याच पिवळ्या पानावर, जमा केले. खाली दोन रेघा मारल्या. मी म्हटलं, पैसे नसते घेतले तरी चाललं असतं. तो म्हणाला, "नाही सर. घेतले नाहीत तर खातं उघडंच राहतंय. मग आम्ही दान दिलं असं होतंय. ते दान नव्हे."

मला हे आधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं चित्रकला शिकवून चित्राची किंमत आणि चित्रावरचा हक्क यांचा मी असा वेगळा विचार कधी केला नव्हता.

घे. लिहिलेल्यांपैकी काही चित्रं मुलानं विकली. माझ्या सल्ल्यानं प्रत्येक चित्राबरोबर त्याच्या नोंदीची छायाप्रत आणि वाचन दिलं. ज्या खरेदीदाराला कागद नको होता त्याला चित्र दिलं नाही. पैसे आधी छपराला लागले. आक्कांनी पत्रा निवडायला स्वतः माणूस बोलावला. गंजिफा, जलरंगातली दोन निसर्गचित्रं आणि गोकाकची फळं विकायची नाहीत असं तिघांनी ठरवलं. दुकान चालू आहे. मागच्या खोलीतली पोती एका बाजूला घेऊन दोन भिंती चित्रांसाठी मोकळ्या केल्या आहेत, काच आणि चित्र यांच्यात आता पातळ पट्टी आहे, खळीचा पुठ्ठा गेला आहे.

ठे. पैकी सत्तावीस अजून बाकी आहेत. पंधरा दिवसांपूर्वी खासबागेतले एक म्हातारे आले, यादीवर बोट ठेवून उभे राहिले. नोंद त्यांच्या थोरल्या भावाची, विषय 'विश्वामित्र मेनका'. भाऊ राहिला नाही, त्याचा मुलगा मागाच्या कामाला इचलकरंजीला गेला तो तिथंच स्थायिक झाला. म्हातारे म्हणाले, "मला देऊ नका. त्याचं हाय. दसऱ्याला येतोय तो." आप्पांच्या मुलानं त्यांना चहा पाजला, आतून चित्र आणून काच पुसली, आणि गल्ल्यामागच्या खिळ्यावर अडकवलं. खाली खडूनं खातं क्रमांक लिहिला आहे.